लांब राहून आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाची काळजी घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईच्या आजारपणाची शेवटची सात वर्षं मी तिच्यापासून विमानाच्या अर्ध्या दिवसाच्या प्रवासाइतकी लांब होते. दादा-वहिनी तिच्या जवळ. आता बाबा एकटे आहेत आणि मी अजून लांबच आहे. ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या लोकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. त्यांना काय विचारायचं, एवढं मात्र आता कळतं.

रोज फोन करते, रोज "मी बरी आहे" हेच ऐकते. खरं काय ते कसं कळणार?

"कशी आहेस?" विचारलंत की "बरी आहे" हेच येणार. ते उत्तर तब्येतीबद्दल नसतंच, तुम्हाला घोर लागू नये म्हणून असतं. त्यापेक्षा काय केलं ते विचारा. बिल कुणी भरलं, गोळ्या संपत आल्यात का, आज बाहेर कुठे गेली होतीस.

हेच प्रश्न का, त्याला कारण आहे. १९६३ मध्ये सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणूस स्वतःचं स्वतः किती करतो हे मोजायला सहा गोष्टी ठरवल्या: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी दुसरी, आठ कामांची यादी केली: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं घेणं आणि पैशांचे व्यवहार. घसरण बहुतेक वेळा ह्या दुसऱ्या यादीपासून सुरू होते. आंघोळ-कपडे नीट चाललेले असतात, पाहुण्यांशी गप्पाही झकास होतात, आणि बिलं मात्र दोन महिने थकलेली असतात. फोनवर आंघोळीची चौकशी करून काही कळत नाही, बिलाची केली तर कळतं.

आणखी एक, कान. आई फोनवर प्रत्येक गोष्टीला हसून "हो ना" म्हणायला लागली होती. मी विचारलं, "आज कोण आलं होतं?" तर म्हणाली, "हो ना." मी मनातल्या मनात स्मृतिभ्रंशाचं निदान करून मोकळी झाले, दोन रात्री झोपले नाही. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांतून मळाचे बोळे काढले आणि डाव्या कानाला यंत्र दिलं. त्यानंतर आई परत माझ्याशी वाद घालायला लागली. म्हणून म्हणते, विसरभोळेपणाचा संशय आला की आधी कान तपासून घ्या.

वर्षातून एकदाच जाणं होतं. त्या आठवड्यात काय बघू?

पहिल्या दिवशी काहीच दिसणार नाही. तुम्ही येणार म्हणून घर लख्ख केलेलं असतं आणि माणसं अंगात बळ आणून वावरत असतात. तिसऱ्या दिवशी खरं घर दिसायला लागतं.

न फोडलेली पाकिटं बघा. भांड्यांचे बूड करपलेत का बघा. फ्रिजमध्ये एकाच वस्तूची चार पाकिटं आहेत का, दाराशी पायपुसणं गुंडाळलं जातंय का, भिंतीवर हाताच्या उंचीला मळकट पट्टा उमटलाय का. असा पट्टा दिसला तर माणूस भिंतीच्या आधाराने चालतोय.

गेल्या खेपेला बाबांचा पट्टा खुंटीवरून काढताना माझं लक्ष गेलं. कारखान्यातून आलेल्या भोकांच्या पुढे, खिळ्याने पाडलेली दोन वेडीवाकडी भोकं होती. बाबा रोज "जेवण झालं" म्हणत होते आणि ते खोटंही नव्हतं. वजनकाट्यावर उभं केलं, तर सहा महिन्यांत चार किलो उतरले होते. मनात नसताना सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टरांना सांगायचंच. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत ते फक्त तीन किलो होतात. बाबांचं कारण शेवटी तोंडात निघालं: कवळी सैल झाली होती, चावताना टोचायची.

दोन मोजमापं घरीच होतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीच्या चालीने, लागत असेल तर काठी घेऊन. ह्याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलाय असं धरतात. दुसरं, रक्तदाब. पाच मिनिटं आडवं झाल्यावर एकदा मोजायचा, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर "उठलं की गरगरतं" ह्याचा उलगडा होतो. बसूनच दाब मोजणाऱ्या डॉक्टरांच्या हे नजरेतून सुटू शकतं.

औषधांवर लांबून लक्ष कसं ठेवायचं?

घरातल्या एकूण एक औषधाचा फोटो मागवा. डबीतलं, कपाटातलं, उशीखालचं, शेजारणीने "मला गुण आला" म्हणून दिलेलं, सगळं. नावापेक्षा खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा. आमच्याकडे हृदयाच्या डॉक्टरांनी एका नावाने आणि घरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने दिलेली रक्तदाबाची गोळी एकच निघाली. आई दोन्ही इमानेइतबारे घेत होती आणि सकाळी भिंत धरून उठत होती.

पाच किंवा त्याहून जास्त औषधं रोज चालू असतील तर कुणीतरी सगळी यादी एकत्र बघायलाच हवी. वय वाढलं की मूत्रपिंड औषध सावकाश बाहेर टाकतं, त्यामुळे पंचेचाळिशीत सोसलेली मात्रा ऐंशीत जड पडते. अमेरिकेतले डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती अजून सुधारून वापरतात. तिच्यातली ठळक म्हणजे सर्दीची आणि झोपेची जुन्या पिढीची औषधं, उदाहरणार्थ डायफेनहायड्रामिन आणि क्लोरफेनिरामिन. चिठ्ठीशिवाय मिळतात म्हणून निरुपद्रवी वाटतात, पण म्हातारपणी त्यांनी गोंधळल्यासारखं होतं, लघवी अडते, तोल जातो.

स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या की उलटतात. डॉक्टरांना इतकंच विचारा: "ह्यातली कुठली आता नसली तरी चालेल?" आणि रुग्णालयातून घरी सोडतात त्या दिवशी जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून घ्या. घोळ होतो तो त्याच दिवशी. जुनी बंद झाली की राहून गेली हे कुणीच सांगत नाही.

परवापर्यंत चांगली होती, आज एकदम असंबद्ध बोलतेय. डिमेन्शिया झाला का?

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असा एका रात्रीत येत नाही. तास-दोन तासांत किंवा दोन-तीन दिवसांत माणूस बदलला, सकाळी बरा आणि रात्री भलतंच, असं चाललं असेल तर तो बहुधा डिलिरियम असतो. जुनी माणसं वात झाला म्हणायची. ह्यात त्याच दिवशी डॉक्टर लागतो. कारण लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरात पाणी कमी पडणं, नवीन औषध, बद्धकोष्ठ, शस्त्रक्रिया, काहीही असू शकतं. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येईलच असं नाही, हे घरच्यांना मुद्दाम सांगून ठेवा.

आरडाओरडा करणारा डिलिरियम लगेच दिसतो. गप्प गप्प, झोपाळू, जेवायला नको म्हणणारा दिसत नाही. उलट घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आज शांत आहे म्हणून. तुम्ही लांब असलात तरी रोजचा आवाज तुमच्या कानात असतो. "आज ही वेगळीच वाटतेय" हे तुम्हाला जवळच्यांच्या आधी कळू शकतं. जवळच्याला समजावताना एवढंच म्हणा: काल अशी नव्हती. डॉक्टरलाही हेच वाक्य सांगायला लावा.

एकटे राहतात. दिवसातून किती वेळा फोन करावा?

दोनदा. एक सकाळी उठल्यावर, एक झोपताना, ठरलेल्या वेळी. गप्पा मारायच्या तर कधीही मारा, पण हे दोन फोन हजेरीचे.

अंगावरून वारं गेलं, म्हणजे पक्षाघाताचा झटका आला, तर गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हा वेळ मोजतात तो माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता तिथपासून, सापडला तेव्हापासून नाही. रुग्णालयात पहिला प्रश्न हाच येतो. रात्री साडेनऊला बाबा नीट बोलले होते आणि सकाळी सातला तोंड वाकडं दिसलं, हे सांगणारा कुणी हवा. तुमच्या फोनमध्ये वेळेसकट ती नोंद असते. तोंड एका बाजूला वाकडं, हात वर धरता येत नाही, बोलणं अडखळतं, ह्यातलं एक जरी दिसलं तरी आधी रुग्णवाहिका, मग तुम्हाला फोन. हा क्रम घरातल्या सगळ्यांकडून वदवून घ्या, कारण माणसं घाबरली की आधी मुलांना फोन लावतात आणि त्यात वीस मिनिटं जातात.

दुसरी भीती पडण्याची. हाड नाही मोडलं तरी तासाभराहून जास्त जमिनीवर पडून राहिलं तर स्नायू, मूत्रपिंड, कातडी सगळ्यालाच इजा होऊ शकते. म्हणून फोन उचलला नाही तर काय, हे आधीच ठरलेलं असू द्या. आमचं असं: दहा मिनिटांनी दुसरा फोन, मग शेजारच्या काकूंना फोन, त्यांच्याकडे किल्ली. दाराला आतून कडी न लावण्यावरून बाबांशी तीन महिने वाद चालला. शेवटी बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप बसवलं, आणि कडी त्यांनी रागारागाने स्वतःच्या हाताने काढून दिली.

कॅमेरा बसवू का?

त्यांना विचारून, आणि त्यांचा होकार असेल तर. न्हाणीघरात आणि झोपायच्या खोलीत नको. आणि बसवल्यावर दर अर्ध्या तासाने बघत बसू नका. "आज दुपारी जेवलीस नाहीस, बघितलं मी" असं आईला एकदा म्हणाले, तर तिने संध्याकाळी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. बरोबर केलं तिने.

भाऊ-वहिनी जवळ राहतात. मी काही सुचवलं की त्यांना राग येतो. काय चुकतंय?

सुचवणंच चुकतंय.

डॉक्टरांमध्ये ह्याला नाव आहे. १९९१ साली वृद्धांच्या आजारांवरच्या एका अमेरिकी नियतकालिकात "कॅलिफोर्नियाची मुलगी" असा लेख आला होता. लांबची मुलगी अचानक येते, सगळ्यांना धारेवर धरते, ठरलेल्या उपचारांना हरकत घेते आणि जास्तीत जास्त सगळं करा म्हणते. कारण आजार कसा कसा वाढत गेला हे तिने पाहिलेलं नसतं, आणि मनातली टोचणी रागाच्या रूपाने बाहेर पडते. मी हे वाचलं तेव्हा विमानतळावर बसले होते, बॅगेत दादाला विचारायच्या सतरा प्रश्नांचा कागद होता. तो तिथेच फाडला असं सांगायला आवडलं असतं. फाडला नाही. सतराच्या सतरा विचारले, आणि दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनीला वेगळंच विचारलं: "ह्या सगळ्यातलं कुठलं काम तुला अगदी नकोसं होतं?" मला वाटलं ती रात्रीचं उठणं म्हणेल, किंवा कपडे बदलणं. ती म्हणाली, "फोन धरून बसणं." डॉक्टरांची वेळ घ्यायची, विम्याच्या लोकांशी बोलायचं, तपासणीचा अहवाल तयार झाला का विचारायचं. ते काम त्या दिवसापासून माझं. पुढची चार वर्षं पहाटे उठून मी होल्डवरचं ते संगीत ऐकत कानाला फोन लावून बसायचे. लांबून होणारी अशी कामं पुष्कळ निघतात: बिलं, अर्ज, औषधांची मागणी, कागदपत्रांच्या प्रती, नातेवाइकांना एकदाच सगळी खबर देणं.

आणि वर्षातून निदान एकदा तुम्ही जा आणि त्यांना घराबाहेर काढा. तुम्ही असताना ते घरातच राहिले तर तुम्ही पाहुण्या. ते गेले आणि तुम्हाला एकटीला आठ दिवस पडले की पुढच्या वर्षी सूचना आपोआप कमी होतात. काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे हे मोजायची झारिट प्रश्नावली १९८० मध्ये आली, आता तिची २२ प्रश्नांची सुधारित आवृत्ती वापरतात. जवळचा माणूस चिडका झाला, त्याची झोप उडाली, त्याने स्वतःच्या तपासण्या पुढे ढकलल्या, तर रुग्णाइतकंच त्याच्याकडेही बघायची वेळ आली आहे. पैसे पाठवताय ते पाठवाच, पण त्याचा उल्लेख भांडणात करू नका.

डॉक्टर माझ्याशी फोनवर बोलायला तयार नाहीत.

त्यांचं बरोबर आहे. रुग्णाच्या परवानगीशिवाय त्यांनी बोलू नये. आईकडून किंवा बाबांकडून लेखी संमती घेऊन ती त्यांच्या फाइलला लावा. मग घरातला एकच माणूस बोलेल असं ठरवा. चार भावंडांनी चार वेळा तेच विचारलं की डॉक्टर टाळायला लागतात. सगळ्यात सोपं म्हणजे तपासणीच्या वेळी जवळच्या माणसाने डॉक्टरांना विचारून फोन स्पीकरवर टाकायचा आणि तुम्ही तीनच प्रश्न आधी लिहून ठेवायचे. शेवटी, ऐकलेलं तुमच्या शब्दांत त्यांना परत सांगायचं: "म्हणजे आता अमुक बंद, तमुक चालू, आणि दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं, बरोबर?"

पैशांचं आणि सह्यांचं काय?

माणूस समजून-उमजून बोलतोय तोवर करून घ्या, नंतर फार उशीर होतो. बऱ्याच देशांत साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की रद्द होतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी उपयोगाचं राहत नाही. काही ठिकाणी त्यानंतरही चालू राहणारं वेगळ्या प्रकारचं करता येतं. जिथे आई-वडील राहतात तिथल्या वकिलाला हा एक प्रश्न नक्की विचारा. उपचारांबद्दलच्या इच्छा वेगळ्या लिहून घ्या: कृत्रिम श्वासाचं यंत्र हवं का, नळीने अन्न हवं का, निर्णय कुणी घ्यायचा. विषय काढायला जड जातं. मी स्वतःचा कागद आधी भरला आणि तो आईला वाचून दाखवला. मग तिने चष्मा मागितला.

फसवणुकीसाठी एकच नियम घरात टांगा: घाई करणारा फोन आला की ठेवायचा आणि मला लावायचा. ओटीपी मलासुद्धा सांगायचा नाही.

मदतीला बाई ठेवू म्हटलं की नाहीच म्हणतात.

"तुझ्यासाठी" म्हणू नका, "मला झोप लागावी म्हणून ठेव" म्हणा, ते खरंही असतं. सुरुवात अंगाला हात लागणाऱ्या कामाने नको. कपडे, झाडलोट, बाहेर जाताना सोबत, इथून सुरू करा. दोन महिन्यांत नाव घेऊन हाका मारायला लागतात, मग आंघोळीचं आपोआप येतं. तिची ओळखपत्रं तपासा, पगार वेळेवर द्या, सुट्टी द्या आणि तिच्याशी तुम्हीही आठवड्यातून एकदा बोला. घरात खरं काय चाललंय हे बऱ्याचदा तिलाच ठाऊक असतं.

त्यांना माझ्याकडेच घेऊन येऊ का?

आधी दोन महिन्यांसाठी आणून बघा आणि त्यांचं घर तसंच राहू द्या. विसर पडण्याच्या आजारात ओळखीचं घर माणसाला सांभाळत असतं. अंधारात न्हाणीघर कुठे हे पायांना पाठ असतं. ते सुटलं की सुरुवातीला गोंधळ वाढू शकतो. आणि दिवसभर तुम्ही कामावर असाल, तर एकटेपणाचं फक्त घर बदललं असं होतं.

केव्हा तडक निघायचं, हे कसं ठरवू?

अतिदक्षता विभागात नेलं, जेवण-पाणी बंद झालं, बराच वेळ शुद्ध हरपतेय, किंवा जवळचा माणूस म्हणाला "ये", तर निघा. "तुला वाटलं तर ये" ह्याचा अर्थही "ये" असाच असतो. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा: "तुमची आई असती तर तुम्ही आज निघाला असतात का?" ह्या प्रश्नाला ते सरळ उत्तर देतात असा माझा अनुभव आहे. पासपोर्ट, रजेचा अर्ज आणि थोडे पैसे तयार ठेवा.

आणि मी पोहोचायच्या आत गेली तर?

माझी गेली. मी मधल्या विमानतळावर होते. वहिनीने फोन आईच्या उजव्या कानाशी धरला होता, यंत्र डाव्याला होतं. ती म्हणाली, "थांब, बाजू बदलते." मग मी बोलले, साधारण चार मिनिटं. २०२० मध्ये व्हँकुव्हरमधल्या संशोधकांनी शेवटच्या तासांत प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूची नोंद घेतली, तेव्हा त्यांतल्या काहींचा मेंदू आवाजांना प्रतिसाद देताना दिसला होता. तिला कळलं की नाही हे त्यावरून ठरत नाही. पण फोन लावायला सांगाच, आणि यंत्र कुठल्या कानाला आहे ते आधी सांगून ठेवा.

रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. ह्याला काही उपाय?

दोन-तीन माणसांनाच वेगळी रिंगटोन लावा, बाकीचा फोन रात्री बंद. आणि पहिलं वाक्य ठरवून टाका. आमच्याकडे ते ठरलेलं आहे. वहिनी अजूनही फोन लागल्या लागल्या आधी म्हणते, "काही झालेलं नाही," आणि मग विचारते की बाबांच्या कवळीची पावती कुठल्या फाइलमध्ये आहे.